दंडावरचा इतिहास

आज्जीच्या डाव्या दंडावर रुपयाएवढे दोन गोल व्रण आहेत. आईच्या आणि माझ्या दंडावर एकेक लहानसा खळगा आहे, मटकीच्या दाण्याएवढा. धाकट्या भावाच्या दंडावरही तसाच खळगा आहे. पण त्याचा दंड म्हटलं की मला दुसरंच आठवतं. २०१३ च्या मे महिन्यात अंगणवाडीच्या बाईंनी त्या दंडाभोवती कागदासारखी एक पट्टी गुंडाळली होती आणि ती लाल रंगावर थांबली होती.

'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द तेव्हा मला फक्त शाळेच्या पुस्तकातून माहीत होता. २०२० मध्ये तो सगळ्यांच्या तोंडी आला. लॉकडाउनमध्ये आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवा काढा यायचा. शहरात राहणाऱ्या एका नातेवाइकानं आज्जीसाठी 'इम्युनिटी बूस्टर' पावडरचा डबा पाठवला. आज्जीनं डबा हातात घेऊन विचारलं, "ह्याच्यात असं काय हाय, जे भाकरीत न्हाई?"

उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते शोधताना मी आमच्या घरातल्या दंडांकडेच परत आलो.

आज्जीचे दोन व्रण

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. आज्जी जन्मली तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पोलीस ॲक्शनच्या वर्षी ती नुकती चालायला लागली होती, असं ती सांगते. तिच्या थोरल्या बहिणीला देवी आल्या. ती वाचली, पण एक डोळा गेला आणि चेहऱ्यावर वण राहिले. नंतर गावात देवी टोचणारा आला, तेव्हा पोरं कणगीमागं लपली. आज्जीला तिच्या बापानं ओढून बाहेर आणलं. दातेरी कडेचं एक गोल हत्यार लसीच्या थेंबावर टेकवून फिरवायचे. जखम व्हायची, पिकायची, खपली पडायची. उरायचा तो गोल व्रण.

ही लस आपल्याकडे आली त्याची गोष्ट मोठी आहे. गाईंच्या सौम्य देवीचा संसर्ग माणसाला खऱ्या देवीपासून वाचवतो, हे एडवर्ड जेन्नरनं इंग्लंडमध्ये १७९६ साली दाखवलं. तेव्हा ना बर्फाच्या पेट्या होत्या ना फ्रिज. लस जिवंत ठेवायची तर एका माणसाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडात न्यायची, हाच खात्रीचा मार्ग होता. अशी दंडादंडांवरून ती बगदादला पोचली, तिथून बसऱ्याला आणि तिथून जहाजानं मुंबईला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत आना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतात यशस्वीपणे देवीची लस मिळालेली ती पहिली व्यक्ती.

या लसीनं कोणाच्या अंगात ताकद भरली नाही. तिनं शरीराला एक ओळख करून दिली. आपल्या रक्तातल्या काही पेशी एकदा पाहिलेला रोगजंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात आणि तो पुन्हा आला की झटपट कामाला लागतात. ही शरीराची स्मरणशक्ती. आज्जीच्या दंडावरचे व्रण म्हणजे त्या धड्याची पावती.

देशभरात देवी निर्मूलनाचा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० मध्ये जग. माझ्या आईच्या दंडावर देवीचा व्रण नाही, कारण ती जन्मली तेव्हा त्याची गरजच उरली नव्हती. तिचा खळगा बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा. या लसीची मर्यादाही सांगायला हवी. तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या गंभीर प्रकारांपासून ती चांगली वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाचा क्षय मात्र तिच्यानं अडत नाही, हे तामिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

म्हणजे धडा मिळाला तरी प्रत्येक वेळी तो पुरतोच असं नाही. आणि धडा शिकायलाही अंगात काहीतरी असावं लागतं. ते काय, हे आमच्या भागाला दुष्काळानं शिकवलं.

१९७२

आज्जी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलते तेव्हा आकडे सांगत नाही. ती खडी फोडल्याचं सांगते. रोजगाराच्या कामावर लहान पोरांना सुकडी मिळायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ल्याचं सांगते. आणि मग खालच्या आवाजात सांगते की त्या दोन वर्षांत गावातली लेकरं "साध्या-साध्या आजारानं" गेली. जुलाबानं, खोकल्यानं, गोवरानं.

साध्या आजारानं लेकरं का जातात, या प्रश्नावर जागतिक आरोग्य संघटनेनं १९६८ मध्ये एक महत्त्वाचा ग्रंथ छापला होता. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन हे त्याचे तीन लेखक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : उपासमार आणि संसर्ग हे दोन वेगळे शत्रू नाहीत, ते एकमेकांना ओढून आणतात. कुपोषित मूल लवकर आजारी पडतं. आजारी मूल कमी खातं, खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून ते आणखी कुपोषित होतं. आणि मग पुन्हा आजारी पडतं.

हे घडतं कसं, तेही आता चांगलं कळलं आहे. छातीच्या हाडामागं थायमस नावाची एक ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तिथं तयार होतात. मूल उपाशी राहिलं की ही ग्रंथी आक्रसते. आतड्याचं अस्तर पातळ होतं, त्वचा चिरते, म्हणजे जंतूंना अडवणाऱ्या भिंतीच खचतात. जगात कमजोर प्रतिकारशक्तीचं सर्वांत मोठं कारण कोणता दुर्मीळ आजार नाही. ते कुपोषण आहे.

त्या तीन लेखकांपैकी कार्ल टेलर यांचा आमच्या भागाशी संबंध आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांच्याकडे एक तरुण डॉक्टर जोडपं शिकत होतं : रजनीकांत आणि मेबल आरोळे. १९७० मध्ये हे दोघं परत आले आणि जामखेडला काम सुरू केलं. जामखेड आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात असलं, तरी आमच्या पाटोदा-आष्टीच्या शिवेला लागून आहे. आमच्याकडची माणसं अजूनही उपचाराला तिकडं जातात.

ते दवाखाना घेऊन आले होते, पण लोकांना आधी पाणी आणि अन्न हवं होतं. मग त्यांनी विंधनविहिरींसाठी खटपट केली, लेकरांसाठी गावात सामुदायिक स्वयंपाक सुरू केला. गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. या बायका मुलांची वजनं करायच्या, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकवायच्या, लस टोचून घ्यायला घरोघर समजावायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या गावांतला बालमृत्यूचा आकडा सुरुवातीला हजारी पावणेदोनशेच्या आसपास होता. पंचवीसेक वर्षांत तो तिसाच्या खाली आला. त्यातलं बरंचसं काम इंजेक्शननं नाही, ताटानं आणि तराजूनं केलं होतं.

लाल पट्टी

तराजू प्रत्येक ठिकाणी नेता येत नाही, आणि मुलाचं नेमकं वय आईला सांगता येतंच असं नाही. त्यावर उपाय निघाला तो दंडाचा. एक ते पाच वर्षांच्या दरम्यान निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. उपाशी मुलाचा मात्र पटकन कमी होतो, कारण स्नायू आणि चरबी दोन्ही झडतात. बगदादचे बालरोगतज्ज्ञ अदनान शाकिर आणि ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड मॉर्ले यांनी १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हिरवा-पिवळा-लाल अशा तीन रंगांच्या पट्टीची पद्धत मांडली. पट्टीवर कुठला रंग येतो एवढंच पाहायचं. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळतं. आज्जीच्या दंडावरची लस बगदादवरून आली होती, भावाच्या दंडावरची पट्टीही तिथूनच निघाली.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी आजचं माप असं : १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल.

भाऊ मार्च २०१२ चा. त्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. दिवाळीच्या सुमारास त्यांचा कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेला. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बीडबाहेरच्या वाचकांसाठी. मी शाळेसाठी आज्जीजवळ राहिलो. भाऊ आठ महिन्यांचा होता, अंगावर पीत होता, म्हणून तो त्यांच्यासोबत कोपीवर गेला.

गोवराचा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. त्याचे नऊ महिने डिसेंबरमध्ये उसाच्या फडात पूर्ण झाले. पहाटे तीनला उठून गाडी भरायला जाणाऱ्या बाईला लसीचा वार कुठला, केंद्र कुठलं, हे कोण सांगणार? कार्ड तर घरी कोनाड्यातच राहिलं होतं. फेब्रुवारीत त्याला गोवर निघाला. मग जुलाब लागले, मग छाती भरली. एप्रिलमध्ये पट्टा पडून ते परत आले. आज्जीनं भावाला घेतलं आणि म्हणाली, "लेकरू हलकं लागायलंय गं." दुसऱ्या दिवशी ती त्याला अंगणवाडीत घेऊन गेली. तपासण्या, दवाखान्याच्या खेपा यांत मे उजाडला. पट्टी ११.१ वर होती.

गोवरानंतर मूल पुढे कित्येक महिने सारखं आजारी का पडतं, हे आमच्याकडे 'गोवराची कसर' म्हणून माहीत होतं. २०१९ मध्ये त्याचा पुरावा मिळाला. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचे नमुने गोवराच्या आधी आणि नंतर तपासले, तेव्हा इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाल्याचं दिसलं. म्हणजे गोवर शरीराची स्मरणशक्तीच पुसतो. आधी कमावलेलं शहाणपणही जातं. गोवराची लस मुलाला फक्त एका आजारापासून वाचवत नाही, ती बाकीची सगळी वहीही सांभाळते.

भावाला आधी तालुक्याला औषधोपचार झाले. मग अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्रात महिनाभर दिवसातून अनेक वेळा थोडं-थोडं खाणं, अ जीवनसत्त्वाचा डोस आणि राहिलेल्या लसी. महिन्यानं पट्टी पिवळ्यावर आली. सगळ्यांना वाटलं, झालं बरं. पावसाळ्यात तो पुन्हा न्यूमोनियानं पडला.

यामागचं कारण मला फार नंतर वाचायला मिळालं. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात कुपोषित मुलांच्या थायमस ग्रंथीची सोनोग्राफीनं पाहणी झाली होती. वजन साधारण महिनाभरात भरून आलं, पण ग्रंथी पूर्ववत व्हायला दोन महिने लागले. मूल बाहेरून धडधाकट दिसतं, आतली फौज अजून उभी राहायची असते.

त्या दिवाळीत पुन्हा मुकादम आला. मागची उचल फिटली नव्हती. घरात दोन रात्री बोलणं चाललं. शेवटी आई थांबली आणि वडील अर्ध्या कोयत्यावर गेले. अर्धा कोयता म्हणजे अर्ध्याहून कमी कमाई, आणि राहिलेली उचल पुढच्या साली डोक्यावर. भावाची प्रतिकारशक्ती वाढली ती त्या एका हंगामाच्या मजुरीच्या किमतीत. आज्जीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. भाकरीत जे आहे ते डब्यात नव्हतं, पण भाकर आणि आई दोन्ही एका जागी ठेवणं आमच्यासाठी डब्यापेक्षा महाग होतं.

एकच न्यूमोनिया

उरलेलं अर्धं उत्तर वेगळ्या आजाराच्या इतिहासात सापडलं. जून १९८१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस नावाचा विरळा न्यूमोनिया झाल्याची नोंद झाली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. डॉक्टर चकित झाले, कारण धडधाकट माणसाला हा न्यूमोनिया होत नाही. पण तो अगदीच नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथालयांत तो दिसला होता, अर्धपोटी आणि अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्या मुलांत. विषाणूनं टी-पेशी मारल्या काय किंवा भुकेनं मारल्या काय, दार उघडं राहिलं की आत येणारे पाहुणे तेच.

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. मराठवाड्यातही तो आला आणि घरंच्या घरं त्यानं पोखरली. इथं कमजोर प्रतिकारशक्ती ओळखायला पट्टी नव्हती, रक्तातल्या सीडी-४ पेशींची मोजणी होती. निरोगी माणसात त्या दर घनमिलिमीटरमागे पाचशेच्या वर असतात. दोनशेच्या खाली गेल्या की क्षय, बुरशी, न्यूमोनिया यांना रान मोकळं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत एआरटी औषधं सुरू केली. आधी सीडी-४ ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच औषध मिळायचं, २०१७ पासून निदान झालं की लगेच मिळतं. बीडजवळ पालीला 'इन्फंट इंडिया' ही संस्था अशा मुलांना सांभाळत आली आहे. वेळेवर गोळी, पोटभर जेवण आणि हाकलून न देणारी माणसं, एवढ्यावर ही मुलं शाळेत जातात, मोठी होतात. ज्या आजारात प्रतिकारशक्ती अक्षरशः संपते, तिथंही ती परत उभी करता येते.

पुन्हा त्या डब्याकडे

आता २०२० चा तो डबा. 'बूस्ट' करायची ही गोष्टच नाही. प्रतिकारशक्ती जास्त चवताळली की ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत गंभीर कोविड रुग्णांचे जीव वाचवणारं औषध सापडलं. ते होतं डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं स्टेरॉइड. सगळे ती वाढवायच्या मागे होते आणि अतिदक्षता विभागात डॉक्टर ती शांत करत होते. पुढच्या वर्षी हीच औषधं जिथं अंदाधुंद दिली गेली आणि साखर तपासली गेली नाही, तिथं म्युकरमायकोसिसची काळी बुरशी आली. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे तेव्हाच कळलं.

म्हणून ओळखायच्या खुणा आधी माहीत हव्यात. मोठ्या माणसाला वारंवार गळवं, न भरणाऱ्या जखमा, तोंडात पांढरी बुरशी, दोन आठवड्यांवर खोकला, विनाकारण वजन घटणं असेल, तर साखर, एचआयव्ही आणि क्षयाची तपासणी. वर्षातून दोन-चारदा सर्दी होणं ही कमजोरी नाही. लहान मुलाला वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा-पुन्हा फुटणारा कान, खोलवरची गळवं, महिनोन्महिने न वाढणारं वजन असेल आणि घराण्यात तान्ही मुलं अशीच गेली असतील, तर जन्मजात दोषाचा संशय घ्यावा. अशा मुलांत कधी-कधी बीसीजीची जागाच चिघळते आणि काखेत मोठी गाठ येते. दंड इथंही बोलतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, तिथं याचं निदान होतं.

आणि बळकट करायच्या गोष्टी? त्या आज्जीला आधीच माहीत होत्या : पोटभर अन्न, पुरेशी झोप, स्वच्छ पाणी, वेळेवर टोचणी आणि तंबाखूपासून लांब राहणं. त्यांत मी साखर ताब्यात ठेवणं एवढंच वाढवलं. यातली एकही गोष्ट डब्यात मावत नाही.

भाऊ आता मोठा झाला आहे, दंड माझ्यापेक्षा जाड आहे. यंदा चुलत भाऊ आणि वहिनी कर्नाटकाकडच्या कारखान्यावर निघाले. वहिनीच्या कडेवर चार महिन्यांची पोरगी. निघायच्या आदल्या रात्री आज्जीनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "मार्चात नऊ भरतेत. टोचायचं तेवढं इसरू नका." लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, गाव बदललं तरी चालतं. मी कार्डाचा फोटो काढला. तो आता वहिनीच्या, भावाच्या आणि माझ्या फोनमध्ये आहे. तिन्ही फोनमध्ये मार्चच्या पहिल्या आठवड्याचा गजर लावला आहे. मूळ कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वहिनीनं पिठाच्या डब्यात ठेवलं, कारण कोपीत बाकी काही हरवलं तरी तो डबा हरवत नाही.